रडणं मोजण्याचे दिवस

सप्तपर्णी फुलली की चार इमली वस्तीच्या उतारावर श्वास जड होतो. एरवी बंगल्यांच्या कुंपणांबाहेरची ती झाडं कोणाच्या लक्षातही येत नाहीत. दसऱ्याच्या आगेमागे मात्र संध्याकाळ झाली की त्यांचा तो गोड, उग्र, डोकं धरायला लावणारा वास रस्ताभर पसरतो. बहुतेक लोक गाडीच्या काचा वर करतात. मी खाली करते. अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागतं, तरी करते. हा वास म्हणजे माझ्यासाठी थिसिसचे दिवस. जवाहर चौकातल्या छपाईच्या दुकानांत काळ्या रेक्झिनच्या बांधणीचे ढीग लागायचे, गाड्यांवर सीताफळं नि शिंगाडे यायचे आणि आमच्या वैद्यकीय कॉलेजातली शेवटच्या वर्षाची पोरं जेवण विसरायची.

परवा माझी विद्यार्थिनी पल्लवी दारात उभी राहिली. डोळे तांबारलेले. म्हणाली, "मॅडम, पी नहीं आया."

गॅसचा सिलिंडर आला नाही, कामवाली आली नाही, तसं हे पोरं म्हणतात. पी, म्हणजे संख्याशास्त्रातला तो निकालाचा आकडा, आला नाही. जणू कोणी पाहुणा यायचा होता आणि त्याची गाडी चुकली. मी तिला बसवलं, पाणी दिलं. समोरच्या कागदावरचे तिचे आकडे बघता बघता माझं मन कधीच निसटून माझ्या स्वतःच्या त्या वर्षात गेलं होतं. आबांपाशी.

आबा म्हणजे माझे सासरे. इथल्या सरकारी कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासण्यात त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्तीनंतर कारखान्याजवळच, अवधपुरीत त्यांनी छोटंसं घर बांधलं. माझं लग्न झालं तेव्हा सासूबाई जाऊन वर्ष उलटलं होतं. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलं. नितीन, माझा नवरा, तेव्हा नोकरीनिमित्त जबलपूरला असायचा आणि शनिवारी यायचा. त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही दोघंच, मी आणि आबा. मी बालरोगाचं एम.डी. करत होते. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की आबा चहा टाकायचे. भोंगा आता त्यांच्यासाठी नव्हता, पण चहा त्याच्याच वेळेला व्हायचा.

माझ्या थिसिसचा विषय ऐकून पहिल्यांदा सगळे हसले होते. लस टोचताना बाळ टेबलावर निजवलेलं बरं, की आईच्या मांडीवर? आमच्या लसीकरणाच्या खोलीत हिरव्या रेक्झिनचं एक टेबल होतं. बाळाला त्यावर आडवं करायचं, आईने शेजारी उभं राहायचं, सिस्टरने पाय धरून सुई टोचायची. वर्षानुवर्षांची रीत. मला वाटायचं, मांडीवर घेऊन टोचलं तर पोर लवकर शांत होत असेल. कोणत्याही आईला विचारलं तर ती म्हणेल, यात विचारायचं काय? पण वाटणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं, म्हणून तर थिसिस.

बंद पाकिटातली चिठ्ठी निघेल त्याप्रमाणे बाळ टेबलावर किंवा मांडीवर. आईची परवानगी घेऊन मी फोनवर आवाज टिपायचे. रुखसाना सिस्टर सुई काढताना "लो जी, हो गया" म्हणायच्या, तिथपासून बाळ गप्प होईपर्यंतचा वेळ मोजायचा. अडचण एकच होती. मोजणाऱ्याला बाळ कोणत्या गटातलं आहे हे कळता कामा नये, नाहीतर नकळत हात आपल्या बाजूने झुकतो. आणि रुग्णालयात तर सगळ्यांनाच सगळं माहीत.

"मी मोजतो की," आबा म्हणाले. "रिकामाच तर आहे."

रीतसर परवानगी काढून मी त्यांना नुसते नंबर घातलेले आवाज आणून द्यायला लागले. त्या दिवसांतली दुपार मला अजून दिसते. ओसरीत तिरपं ऊन, कुंडीतल्या शेवंतीला आलेल्या कळ्या, वेताच्या खुर्चीत ताठ बसलेले आबा, कानांवर नितीनचे मोठे हेडफोन, हातात कारखान्याच्या काळातलं स्टॉपवॉच, डोळे मिटलेले. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा गाणं ऐकतोय. एकदा हेडफोनची वायर निघाली आणि सगळ्या गल्लीत भोकाड पसरलं. समोरच्या वर्माजींनी फाटकातून विचारलं, "भाईसाहब, बधाई हो! घर में छोटा बच्चा आया है क्या?" आबा गोरेमोरे झाले. म्हणाले, "आया नहीं, रोज़ आते हैं."

संध्याकाळी मी घरी आले की जेवताना त्यांच्या बातम्या सुरू व्हायच्या. आजच्यातला एक नंबर भारी हट्टी आहे. थांबतो, आपण घड्याळ दाबणार तोवर पुन्हा सुरू. एक बाळ रडलंच नाही, नुसतं "हं" म्हणालं, जसं काही कोणी शिळी बातमी सांगितली. एका आईने बुंदेली बोलीत काहीतरी गुणगुणलं, ते त्यांनी परत परत ऐकलं. "मोजण्यासाठी नाही हं," असंही वर सांगितलं. "बस बेटा, बस, हो गया," "मेरा राजा, मेरा शेर," या सगळ्या अनोळखी आया त्यांच्या ओळखीच्या झाल्या. कधीकधी भाकरी मोडता मोडता ते हळूच विचारायचे, "तो आजचा तिसरा, तो मांडीवरचा होता ना?"

"सांगायचं नाही, आबा."

"बरं बरं. नियम म्हणजे नियम."

पण मला दिसायचं, त्यांच्या मनात सगळं ठरलेलं असायचं. मांडीवरच्या बाळांचा आवाज वेगळाच लागतो, आपल्याला पहिल्या दोन हुंदक्यांत कळतं, असं ते छातीठोकपणे म्हणायचे. त्यांना त्या अभ्यासाची इतकी ओढ का, हा प्रश्न मला पडला नव्हता. सुनेचं कौतुक, एवढंच मी धरून चालले होते.

दिवाळी सरली. सकाळी तळ्यावरून धुकं यायला लागलं, रस्त्यावर लाल पेरूंच्या पाट्या दिसायला लागल्या. सगळी बाळं मोजून झाली आणि मी संख्याशास्त्राच्या तिवारी सरांपुढे आकडे ठेवले. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, की डिग्रीच्या मुदतीत जेवढी बाळं मिळतील तेवढ्यांत लहानसा फरक दिसणं कठीण आहे. फरक मोठा असला तरच दिसेल. आणि तसंच झालं. मांडीवरची बाळं सरासरीने थोडी लवकर शांत झाली होती. पण बाळं ती बाळंच. कोणी क्षणात विसरतं, कोणी सगळं छप्पर डोक्यावर घेतं. त्या गोंधळात तो थोडासा फरक विरघळून गेला. पी ठरलेल्या रेषेच्या वर राहिला.

तो आकडा काय सांगतो हे बहुतेक डॉक्टरांनाही नीट ठाऊक नसतं. समजा मांडीचा नि टेबलाचा काही फरकच नाही. तरीसुद्धा निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक आपल्या नजरेला पडण्याची शक्यता किती, एवढंच तो सांगतो. फरक आहे की नाही, हे तो सांगत नाही. आणि मधली ती रेषा, शून्य दशांश शून्य पाच, ती माणसांनीच सोयीसाठी आखलेली. पण आमच्या जगात रेषेच्या खाली आलेल्या आकड्याशेजारी छापताना चांदणी लावतात, वरच्यापुढे काही नाही. पोरं त्या चांदणीसाठी झुरतात.

माझ्या गाईड होत्या माथुर मॅडम. मोठ्या मायेची बाई. मी सकाळी न खाता आले की त्यांना चेहऱ्यावरून कळायचं, आणि शिपायाला पाठवून पोहा-जलेबी मागवायच्या. त्यांनी आकडे बघून चष्मा काढला. "बेटा, फर्क नहीं मिला, ऐसा पेपर कौन छापेगा? ज़रा और देखो. लड़के-लड़कियाँ अलग करके देखो. पहला बच्चा, दूसरा बच्चा. उमर के हिसाब से. सुबह वाले, दोपहर वाले."

मी बघितलं. इतक्या तऱ्हांनी त्या पोरांचे गट पाडले आणि मोडले, की शेवटी कोण कुठल्या गटात हे माझंच मला कळेना. आणि एका कोपऱ्यात चांदणी उगवली. अडीच महिन्यांच्या मुलींमध्ये. फक्त त्यांच्यात. मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी दोन प्लेट जलेबी मागवली. "देखा? मिल गया ना! अब टाइटल में लड़कियाँ जोड़ दो."

त्या रविवारी नितीन आला नव्हता. मी शिंगाडे उकडले होते आणि आबा ओसरीत बसून ते सोलत होते. बोटं काळी झाली होती. मी त्यांना सगळं सांगायला घेतलं, आधी फरक मिळाला नाही ते. त्यांचा हात थांबला.

"म्हणजे? काही उपयोगच नाही म्हणतेस?"

मी घाईने म्हणाले, "मुलींमध्ये मिळालाय. एका वयाच्या."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, बोलणं इथेच थांबवावं. शिंगाडे खावेत, उन्हात बसावं. पण ते विचारत होते. मुलींमध्येच का? आणि मी खोटं कारण जुळवू शकले नाही.

"आबा, खूप ठिकाणी शोधलं. इतक्या ठिकाणी शोधलं की कुठेतरी नुसत्या योगायोगाने सापडतंच. ठरवून शोधायला गेलो नव्हतो आम्ही मुलींकडे. सापडलं म्हणून आता मुलींचं नाव घेतोय."

त्यांनी मान हलवली. "आमच्याकडे एक जण होता. भाग मापात बसला नाही की पुन्हा मापायचा. बसेपर्यंत मापायचा. मग त्याच मापाखाली सही. आम्ही हसायचो त्याला." मग म्हणाले, "ते मुलींचं राहू दे."

मग त्यांना एक लहर आली. आता तर सगळं मोजून झालंय, मला ओळखून तरी बघू दे. मी फोन आणला. एकेक आवाज लावायचा, ते डोळे मिटून म्हणायचे, "मांडी." "टेबल." "ही तर नक्की मांडी." मी माझ्याजवळच्या यादीशी ताडून बघत होते. साधारण निम्मे बरोबर, निम्मे चूक. ते बुंदेली गाणाऱ्या आईचं बाळ त्यांनी अगदी खात्रीने मांडीवर ठेवलं होतं. ते टेबलावर होतं.

"नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं," ते म्हणाले आणि हसले. पण हसू अर्ध्यावरच राहिलं. हेडफोन त्यांनी काढून मांडीवर ठेवले. गल्लीत कोणीतरी गादी झोडपत होतं, त्याचा धप् धप् आवाज येत होता.

"मृणाल, नलिनीला शेवटी चार-पाच दिवस शुद्ध नव्हती," ते म्हणाले. नलिनी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं नाव आबांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. "मी तिचा हात धरून बसायचो. दिवसभर. तिथला एक तरुण डॉक्टर होता, भला मुलगा. त्याला मी विचारलं, हिला कळतंय का? तो म्हणाला, नहीं अंकल, अब इनको कुछ पता नहीं चलता. आप घर जाइए, आराम कीजिए." त्यांनी काळी बोटं फडक्याला पुसली. "मी गेलो नाही घरी. पण तेव्हापासून वाटतं, तो शिकलेला मुलगा, त्याने कुठेतरी वाचलंच असेल ना. तुझा हा विषय ऐकला तेव्हा मला वाटलं, निदान बाळांचं तरी कळेल. जवळ घेतल्याने काही होतं का, ते."

त्यांना बरं वाटेल असं खूप काही बोलता आलं असतं. होतंच की आबा, कळतंच की. पण जो माणूस आताच हातात आलेली चांदणी ठेवून देऊन मोकळा झाला होता, त्याला मी असं कसं सांगणार?

"आबा," मी म्हणाले, "आम्ही फक्त रडण्याचा वेळ मोजला. तोही थोड्याशा बाळांचा. जवळ घेतल्याने काय होतं ते यात सगळं मावत नाही. आम्हाला फरक सापडला नाही, म्हणजे फरक नाहीच असं नसतं. आमची चाळण जाड होती एवढंच खरं." मग जरा धीर करून म्हणाले, "आणि त्या डॉक्टरने 'नाही' म्हणायला नको होतं. तपासायला जेवढं हाताशी होतं त्यात काही दिसलं नसेल त्याला. 'आम्हाला कळत नाही,' इतकंच म्हणायला हवं होतं."

गादीचा आवाज थांबला होता. आबा कुंडीतल्या शेवंतीकडे बघत होते.

"कळत नाही," ते म्हणाले. पुन्हा एकदा तेच म्हणून बघितलं, जसं घास चावून बघावा. "हे चालेल मला. याच्याबरोबर राहता येतं."

मग त्यांनी सोललेले सगळे शिंगाडे माझ्याकडे सरकवले.

सोमवारी मी माथुर मॅडमना सांगितलं, की मुलींची चांदणी मी लिहीन, पण किती ठिकाणी शोधून ती एका जागी मिळाली तेही शेजारी लिहीन. आणि शेवटी म्हणेन, की एवढ्या बाळांवरून ठाम सांगता येत नाही. मी उभीच. खिडकीत कबुतरं घुमत होती. "पेपर नहीं छपेगा तुम्हारा," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. "परीक्षक पूछेंगे, फिर तीन साल किया क्या?" मी पुन्हा मान डोलावली. शेवटी त्यांनी पेन उचललं, माझ्या मसुद्यातली दोन स्पेलिंगं सुधारली आणि सही केली. "तुम मराठी लोग बड़े ज़िद्दी होते हो," म्हणाल्या, आणि डब्यातली अर्धी कचोरी माझ्या हातावर ठेवली. पेपर छापला गेला नाही, हे खरंच. परीक्षकांनी विचारलं, हेही खरं. मी उत्तर दिलं, ते ऐकून ते नुसते "हं" म्हणाले, आणि मला आबांचं ते न रडलेलं बाळ आठवून हसू आवरेना.

खरा घोळ पुढेच झाला. अभ्यास संपल्यावरही सिस्टर बरीच बाळं मांडीवरच टोचत होत्या. थंडी भरात असताना विभागप्रमुखांनी फर्मान काढलं, की अभ्यासात फरक आढळलेला नाही, तेव्हा पुन्हा सगळी बाळं टेबलावर. रांग भराभर सरकते. माझाच थिसिस माझ्यावर उलटला होता. मी त्यांच्या खोलीत गेले. "सर, फर्क नहीं है, ऐसा मैंने नहीं लिखा. पता नहीं चला, ऐसा लिखा है." ते शांतपणे म्हणाले, "एक ही बात है, डॉक्टर." मी बोलत राहिले. एक बात नाही सर, अंधारात वस्तू न दिसणं आणि वस्तू नसणं ही एक बात नाही. त्यांनी घड्याळ बघितलं. मी बाहेर आले तेव्हा माझे कान तापले होते.

शेवटी निकाल लागला तो वेगळ्याच कारणाने. पोलिओची मोहीम आली आणि लसीचे निळे डबे ठेवायला जागा पुरेना. ते त्या हिरव्या टेबलावर रचले गेले. तोवर आयांना मांडीची सवय लागली होती; आत आल्या की त्या स्टूलावर बसूनच घ्यायच्या आणि पदर सावरायच्या. मोहीम संपली, डबे काही दिवस तिथेच राहिले, मग त्यांच्यावर रजिस्टरं आली. फर्मान कोणी मागे घेतलं नाही. पाळलंही नाही कोणी. विज्ञानाचा विजय वगैरे काही नव्हता तो. पण मला आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही.

पल्लवी समोर बसून माझी वाट बघत होती. मी विचारलं, "किती तऱ्हांनी बघितलंस?" तिने खाली बघितलं. आजकाल तर कॉम्प्युटर पापणी लवायच्या आत शंभर तऱ्हा काढून देतो. आमच्या वेळी निदान कंटाळा तरी यायचा. मी तिला म्हटलं, सगळं लिहून काढ. जे बघितलं ते सगळं. आणि मग अंदाज किती, तो कुठून कुठपर्यंत असू शकतो, ते लिही. हो-नाहीच्या भांडणात पडू नकोस. "पर मॅडम, पास हो जाऊँगी ना?" तिने विचारलं. मी हसले. हो गं बाई, होशील. पोरगी रडत आली होती, जाताना दारातून सीताफळं कुठे चांगली मिळतात ते विचारून गेली.

मग तिच्या पाठोपाठ मीही निघाले. मेट्रोच्या खांबांनी रस्ता अर्धा अडवलेला, गाड्या मुंगीच्या पावलांनी. सप्तपर्णीचा वास येतच होता, आणि मला सईच्या पहिल्या लसीचा दिवस आठवत होता.

सई म्हणजे आमची मुलगी. ती दीड महिन्याची असताना मी तिला त्याच खोलीत नेलं. आबा बरोबर आले होते, स्वेटर, मफलर, सगळ्या तयारीनिशी. रुखसाना सिस्टरनी सुई भरली आणि मी स्टूलावर बसणार तेवढ्यात आबा म्हणाले, "मी घेऊ?" मी सईला त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी तिला अशी छातीशी धरली, जसं काही पातळ काचेचं भांडं.

"लो जी, हो गया."

क्षणभर शांतता. मग सईने जे भोकाड पसरलं, ते मी माझ्या सगळ्या थिसिसात ऐकलं नव्हतं. लाल, जांभळी झाली. थांबेचना. बाहेर रांगेतल्या बायका डोकावून बघायला लागल्या. आबा तिला घेऊन व्हरांड्यात गेले, उन्हात फिरले, मफलरचं टोक तिच्या लाळेने भिजलं, त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. ती रडत राहिली. मी हात पुढे केले, "द्या आबा, माझ्याकडे येऊन थांबेल."

आबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हसले.

"जवळ घेऊन हिचं तर उलट वाढलंच," ते म्हणाले, आणि तिला माझ्याकडे काही दिलं नाही.